दोन्ही भाषांत पावणेसहा

७ नोव्हेंबर

छोट्या,

तू माझा फोन उचलत नाहीस हे माहीत असूनही तीन दिवसांत सहा वेळा केला. काल तुझ्या बायकोने उचलला. तिला माझी भाषा येत नाही आणि मला तिची. ती "सांगते, सांगते" एवढंच म्हणाली. तिने काय सांगितलं आणि तू काय ऐकलंस ते कळायला मार्ग नाही, म्हणून लिहिते.

बाबा मंगळवारपासून घरी नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला ते नेहमीसारखे कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला म्हणून बाहेर पडले. मी स्वयंपाकघरात होते. सात वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग शोधायला निघाले. चौकीत तक्रार दिली आहे. तिन्ही दवाखाने, बाग, बाजार, त्यांचं जुनं दुकान, सगळीकडे जाऊन आले. कुणीही पाहिलेलं नाही. सहा फूट उंचीचा, डाव्या हाताचं अर्धं बोट नसलेला म्हातारा कुणालाच दिसला नाही!

त्यांचं विसरणं तू गेलास त्यानंतर फार वाढलं. गेल्या सहा महिन्यांत नवीनच सुरू झालं होतं. तुमच्याकडची भाषा बोलायला लागले होते. लग्नाआधी सहा वर्षं ते सीमेपलीकडच्या त्या गावात वजनकाट्यांच्या कारखान्यात कामाला होते ना, तेव्हाची. मला हाक मारायची तर माझं नाव आठवायचं नाही, पण चमचे मोजायचे ते त्या भाषेत, एकही आकडा न चुकता. मला राग यायचा. वाटायचं, तीस वर्षं मी समोर आहे आणि हा माणूस माझ्या जन्माआधीच्या गावात जाऊन बसलाय.

म्हणून मनात आलं की ते तिकडे गेले असतील. गल्लीच्या टोकाला छापखाना आहे, तिथली बाई वेबसाइटही करते. तिला म्हटलं, बाबांचं एक पान कर, फोटो, खुणा, नंबर, आणि ते दोन्ही भाषांत दिसलं पाहिजे. वर एक बटण, दाबलं की इकडची भाषा जाऊन तिकडची यावी. ती म्हणाली, "बटण मी करीन हो, पण मजकूर कोण देणार?" तिने कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं आणि तिच्याकडे कागद पोचवणारा माणूस तिकडचा आहे, त्याला वाचायला दिलं. तो हसायला लागला. 'वजनकाटे दुरुस्त करणारे' याचं 'लोकांचं वजन उतरवून देणारे' झालं होतं. बाई म्हणाली, "आता बारीक व्हायला लोक फोन करतील." मलाही हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा हसले आणि मग तिच्या दुकानातच बसून रडले.

मजकूर सोबत जोडला आहे. तुझ्याइतक्या दोन्ही भाषा येणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. माझ्यासाठी करू नकोस, बाबांसाठी कर.

ताई

ता. क. मागचं दार जरा घासतंय. सुतार बोलवायला हवा. हे तुला का सांगतेय, देव जाणे.

९ नोव्हेंबर

छोट्या,

भाषांतर मिळालं. वर 'ताई' नाही, खाली तुझं नाव नाही, नुसता मजकूर. पण चार तासांत पाठवलास.

कागदवाल्याने वाचून पाहिलं. म्हणाला, "हे घरच्या माणसाने लिहिलेलं आहे." शेवटी तू स्वतःचा नंबर घातला आहेस हेही त्यानेच सांगितलं. मी तुला ते सुचवायला धजले नव्हते.

पान कालपासून सुरू आहे. बाई फटकळ आहे पण कामाची आहे. मी आधी लिहिलं होतं, 'आमचे अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ वडील'. तिने खोडलं. म्हणाली, "माणूस हरवलाय, सत्कार नाहीये. विशेषणं काढा. रस्त्यावर उभं राहून वाचणाऱ्याला काय दिसलं पाहिजे ते सांगा." मग राहिलं ते एवढंच: वय ७९, उंच, किंचित वाकलेले, डावी तर्जनी अर्धी, तपकिरी स्वेटर, ४ नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसहाला घरातून निघाले. तुझ्या भाषेत तोच मजकूर दीडपट लांब होतो. त्यामुळे फोन नंबर पानाच्या तळाशी जाऊन दिसेनासा झाला होता. बाईने तास घालवून तो वर आणला. एका भाषेत काही बदललं की दुसरीत आठवणीने बदलायचं, हे तिने मला तीनदा बजावलं. "नाहीतर इकडे एक आणि तिकडे भलतंच."

इकडचं पान अकराशे लोकांनी पाहिलं, तिकडचं त्रेसष्ट. मला फोन येतात. एकाने बाबांना देवळाच्या पायरीवर पाहिलं, मी धावत गेले तर दुसरेच आजोबा. एक बाई रोज फोन करते. तिचे वडील अकरा वर्षांपूर्वी असेच गेले. तिला काही सांगायचं नसतं, फक्त विचारते, "आले का?"

तुला फोन येतात का? आले तर एका ओळीने कळव. ज्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे, त्याच टेबलावर दोन वर्षांपूर्वी तू ती माहितीपत्रकं ठेवली होतीस. तुझ्या घराजवळचा वृद्धाश्रम, स्वच्छ खोल्या, चोवीस तास नर्स. मी ती फाडली. म्हटलं, ज्याला बाप जड झालाय त्याने खुशाल जावं, मी त्यांना एक मिनिट नजरेआड होऊ देणार नाही. तू बॅग उचललीस. मी काय बोलले ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. तुलाही आठवत असणार.

ताई

१२ नोव्हेंबर

छोट्या,

तुझी एक ओळ मिळाली. 'पावणेसहाला अंधारून येतं. बाबा अंधारात पाऊल बाहेर टाकत नसत. नक्की किती वाजता गेले?'

आठ दिवस मी तेच उत्तर देतेय. चौकीतल्या साहेबांना दिलं, शेजाऱ्यांना दिलं, आता तुला देऊ? दोन वर्षांत बाबांना अंधाराची भीती वाटते की उजेडाची, हे तुला कुठून कळणार? रात्री तीन-तीनदा उठून दार वाजवायचे, ते कोण ऐकत होतं? जेवल्यावर पाच मिनिटांनी 'मला उपाशी ठेवलंय' म्हणून खिडकीतून ओरडायचे, तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरा कोण झेलत होतं? तिथे बसून प्रश्न विचारणं सोपं आहे.

पावणेसहा म्हणजे पावणेसहा.

काल छापखान्यात बसून तुझं पान बराच वेळ पाहिलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. फक्त आकडे कळतात. ७९. ४. आणि ५:४५. ते तू तुझ्या हाताने लिहिलं आहेस.



ताई

१६ नोव्हेंबर

छोट्या,

हे वाचताना मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच. नंतर काय करायचं ते कर.

बाबा संध्याकाळी गेले नाहीत. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी त्यांना खाऊ घातलं, रेडिओ लावून दिला, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि बाहेर पडले. दोन वाजता परत आले, तेव्हा ते नव्हते.

मी कुठे गेले होते ते ऐकून तुला हसू येईल किंवा संताप येईल. पोहायला. तलावावर मंगळवारी अकरा ते बारा बायकांसाठी असतं. गेलं वर्षभर मी जात होते. सुरुवातीला पोहून झालं की लगेच धावत परत यायचे. पाण्यात डोकं बुडवलं की कुणाची हाक ऐकू येत नाही रे, फक्त त्यासाठी. मग उशीर व्हायला लागला. त्या दिवशी पोहून झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर टेकले आणि झोप लागली. झाडणाऱ्या बाईने उठवलं तेव्हा दीड वाजून गेला होता.

घरी आले तर पुढचं कुलूप जसंच्या तसं. आत रेडिओ चालू. मागचं दार मी नेहमी आतून कडी घालून, कडीलाही छोटं कुलूप लावायचे. बाबांनी कडीला हातच लावला नव्हता. दुसऱ्या बाजूच्या बिजागऱ्या खोलल्या होत्या. दार उचलून भिंतीला टेकवलं होतं. आणि आठही स्क्रू वाटीत काढून ओट्यावर ठेवले होते. ज्या माणसाला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, त्याने हे केलं. चाळीस वर्षं काटे खोलले, जोडले. कुठलं काय सुटं करायचं ते हातांना ठाऊक होतं.

मी आधी एकटीच शोधत फिरले. साडेचारला परत आले आणि आधी ते दार परत बसवलं, छोट्या. चौकीत जायच्या आधी. वाटीतला एकेक स्क्रू घेऊन पिळला. नीट बसलं नाही, म्हणून घासतं. मग सातला चौकीत गेले आणि म्हटलं, पावणेसहाला फिरायला गेले.

का, असं विचारशील. मला फक्त तू दिसत होतास. 'एक मिनिट नजरेआड होऊ देणार नाही' म्हणणारी मी आणि माहितीपत्रकं गोळा करणारा तू. बाबा तासाभरात सापडतील, मग वेळ कोण विचारतंय, असं वाटलं. नंतर एकदा सांगितलं ते सांगितलं. मग ते पानावर चढलं. मग ते मी तुझ्याकडूनही लिहून घेतलं.

आज सकाळी चौकीत जाऊन खरं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, बारा दिवस आम्ही संध्याकाळच्या गाड्या तपासतोय." तिथून छापखान्यात गेले. बाईला म्हटलं, मजकूर बदलायचाय. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं टाइप केलं. इकडच्या पानावर आता असं आहे: 'ते ४ नोव्हेंबरला सकाळी दहा ते दुपारी दोन यांदरम्यान घरातून गेले. मी बाहेरून कुलूप लावून गेले होते. आधी दिलेली वेळ खोटी होती.' शेवटची दोन वाक्यं नसली तरी चालतील, असं बाई म्हणाली. मी म्हटलं, राहू देत.

तिकडचं पान तुला बदलावं लागेल. जसं आहे तसं लिही. मला वाचवू नकोस.

ताई

१८ नोव्हेंबर

छोट्या,

तू फोन ठेवल्यावर मी उभीच राहिले. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलंच वाक्य ते होतं: त्या गावच्या दवाखान्यात एक म्हातारा गेला, बाबांसारखा. तू 'ताई, बस आधी' म्हणालास, मी बसले नाही.

तुला आज दुपारपर्यंत तिथे पोचता येईल असं म्हणालास. मी दुपारच्या बसने निघतेय, संध्याकाळी पोचेन. तू आधी पाहशील. बोट बघ. चेहरा कदाचित बदललेला असेल, बोट बघ. आणि तेच असतील तर माझी वाट बघ. माझ्याशिवाय पुढचं काही करू नका, एवढं त्यांना सांग. तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

ताई

४ डिसेंबर

छोट्या,

परत येऊन बारा दिवस झाले. बसच्या खिडकीशी उभा राहून तू पाण्याची बाटली आत दिलीस आणि गाडी हलेपर्यंत काही बोलला नाहीस.  चार दिवस आपण एका खोलीत राहिलो, सह्या केल्या, बाबांना निरोप दिला, तुझ्या बायकोने मला दोन वेळा आग्रहाने जेवायला वाढलं, आणि त्या एका गोष्टीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मी रोज वाट पाहत होते की आता बोलशील. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

नर्स जे बोलली ते तू मला सांगत होतास. पण मध्येच थांबायचास आणि 'एवढंच' म्हणायचास. ती बरंच बोलत होती आणि तुझं भाषांतर फार छोटं होत होतं. निघायच्या दिवशी तू सह्यांसाठी खाली गेलास तेव्हा मी तिला वऱ्हांड्यात गाठलं. तिला आपली मोडकीतोडकी येते, हे तुला माहीत नसेल. मी विचारलं, तिने सांगितलं. तू लपवलंस ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते. तुला एकट्याला ते वागवायला लागू नये.

बाबा मंगळवारी दुपारी चारला त्या गावात उतरले. बाजारात एका काटेवाल्याच्या दुकानाशी जाऊन बसले. कारखाना कुठे गेला म्हणून विचारत होते. तिथेच त्यांना भोवळ आली. सव्वापाचला लोकांनी दवाखान्यात आणलं. अंगात ताप होता, छातीत कफ. बोलत होते ते तिथल्याच भाषेत, तेही जुन्या लोकांसारखं, म्हणून सगळ्यांना ते जवळपासच्याच कुठल्यातरी खेड्यातले वाटले. नाव विचारलं तर त्यांच्या वस्तादांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तेव्हा वॉर्डातल्या वजनाच्या यंत्रावर उभे राहिले आणि नर्सला म्हणाले, "हे पाऊण किलो जास्त दाखवतंय." त्यांनी तपासलं. खरंच दाखवत होतं. नर्स हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

आता पुढचं. दहा तारखेला तिने आपलं पान पाहिलं होतं. बाबा तेव्हा होते. फोटो बघून तिला संशय आला, बोटाचं वाचलं, पलंगाशी जाऊन बोट पाहिलं. मग वेळ वाचली. तिकडे पाच तासांवरच्या गावात पावणेसहाला घरातून निघालेला माणूस सव्वापाचला तिच्या वॉर्डात कसा असेल? कारखान्यात काम केलेल्या माणसांची बोटं अशी असतात, तिच्या स्वतःच्या काकांचं आहे. तिने पान बंद केलं. तेरा तारखेला सकाळी बाबा गेले. सतराला तिने सहज पान पुन्हा उघडलं, वेळ बदललेली दिसली, आणि तिने तुला फोन लावला.

मी तिला विचारलं, दहा तारखेला कळवलं असतंत तर वाचले असते का? ती म्हणाली, "छाती फार भरली होती. डॉक्टर सांगतील." डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते मी विचारणार नाही. ते वाचले नसते असं धरलं, तरी तीन दिवस होते. तीन दिवस त्यांच्याजवळ बसता आलं असतं. त्यांनी मला ओळखलं नसतं. चालतं. मी तरी त्यांना ओळखलं असतं.

ती मला बिलगली आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती की मीच फोन करायला हवा होता. तिला काय उत्तर देऊ? मी म्हटलं, "बाई, तुम्ही लिहिलेलं वाचलंत. वाचणाऱ्याची काय चूक?"

तलावावर गेले नाही. मंगळवारी अकरा वाजले की उठून दार पुसते. सुतार येऊन गेला, आता घासत नाही.

आज छापखान्यात गेले होते, पान बंद करायला. बाई म्हणाली, लगेच काढू नका, ज्यांनी शोधलं त्यांना कळू द्या. म्हणून दोन्हीकडे वर एक ओळ घालायची ठरली: सापडले, १३ नोव्हेंबरला गेले, सगळ्यांचे आभार. कागदवाला तिथेच होता. मी त्याला म्हटलं, तिकडचं पान एकदा मला पूर्ण वाचून दाखवा. इतके दिवस मी त्यातले नुसते आकडे पाहत आले.

त्याने वाचलं. वय, उंची, बोट, स्वेटर. मग तो म्हणाला, "इथे लिहिलंय, 'आम्ही बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. आम्ही आधी दिलेली वेळ खोटी होती.'"

मी म्हटलं, "आम्ही नाही. मी. नीट वाचा."

"ताई, आम्ही असंच आहे."

"आम्ही की आपण?"

तो विचार करून म्हणाला, "आमच्यात दोन्हीला एकच शब्द आहे."

छोट्या, तू ते सोळा तारखेला संध्याकाळी लिहिलंस. माझं पत्र वाचून तासाभरात. तेव्हा बाबांचा पत्ता नव्हता, नर्सचा फोन आला नव्हता. मी नुसती खोटी ठरले होते आणि तू माझ्यावर थुंकला असतास तरी कुणी तुला नावं ठेवली नसती. तिथे एका खोलीत चार दिवस तू गप्प होतास. मी समजले की तुझ्याजवळ माझ्यासाठी शब्द नाही.

बाई विचारत होती, "तिकडचं दुरुस्त करायचं का? इकडे 'मी' आहे, तिकडे 'आम्ही' आहे. दोन्ही जुळत नाही. वाचणारे काय म्हणतील?"

इकडचं मी बदलणार नाही. कुलूप मी लावलं, तू नाहीस. ते माझ्या भाषेत माझ्या नावावर राहील. तिकडचं तू लिहिलं आहेस. त्याला हात लावायचा मला अधिकार नाही, आणि खरं सांगू, माझ्यात तेवढी ताकदही नाही.

बाईला म्हटलं, असू दे तसंच.

तुझी ताई